धारोष्ण दुधाचा गुन्हा

नौपाड्यातली आमची इमारत पुनर्विकासाला जाणार म्हणून परवा दुपारी माळा उपसत होतो, तेव्हा धोतराच्या चिंधीत गुंडाळलेला आजोबांचा लॅक्टोमीटर, म्हणजे दुधाची घनता मोजायची नळी, हाती आला. खाली फुगीर, वर काडीसारखी निमुळती अशी ती काचेची नळी, आणि आतल्या पिवळ्या पडलेल्या कागदी पट्टीवर १५ ते ४० असे आकडे.

आजोबा रोज सकाळी रतिबाचे दूध उंच पेल्यात ओतून घेत, नळी अलगद आत सोडत आणि ती डोलायची थांबेपर्यंत दूधवाला किटली पायरीवर टेकवून मुकाट उभा राही. तिशीच्या आसपास आकडा आला की आजोबा ‘बरं’ म्हणत. त्याहून मोठी शाबासकी त्यांच्याकडे नव्हती. एके दिवशी नळी २७ पर्यंत बुडाली. ‘पाणी घातलंस,’ आजोबा म्हणाले. ‘नाही हो अण्णा, आत्ता धार काढून आणलंय. हात लावून बघा, गरम आहे,’ तो म्हणाला. हात कोणी लावला नाही. त्या दिवसाचे पैसे कापले गेले.

ही नळी ६० अंश फॅरनहाइटला बरोबर बोलते. दूध त्याहून गरम असले की विरळ होते आणि आकडा दर दहा अंशांमागे साधारण एकाने उतरतो. धारोष्ण दूध शंभर अंशांच्या आसपास असते, म्हणजे जे सर्वांत ताजे तेच पाणचट ठरायचे. उलट साय काढून घेतली की दूध जड होते, मग बेताने पाणी घातले की आकडा पुन्हा जागेवर येतो. ही लबाडी आजी पकडे. दूध तापवून निवले की झाकण उचलून ती विचारी, ‘तुमची नळी काही सांगो, साय कुठाय?’

विसाव्या शतकाच्या आरंभी शहरोशहरीचे दूध निरीक्षक हीच नळी घेऊन हिंडत, पण नळीची साक्ष पुरत नाही हे कायद्याला तोवर कळून चुकले होते. दुधातली स्निग्धता मोजायला नमुना रासायनिक विश्लेषकाकडेच धाडावा लागे. विलायतेच्या १८७५च्या कायद्यात त्या नमुन्याचे तीन भाग करण्याची रीत होती : एक विश्लेषकाला, एक निरीक्षकाजवळ आणि एक खुद्द विक्रेत्याला. आरोपीच्या हातीही पुराव्याची बाटली असावी, हे मला फार आवडते. मुंबई प्रांताचा भेसळ प्रतिबंधक कायदा १९२५ साली आला, देशभराचा १९५४ साली. गंमत अशी की, दूध टिकावे म्हणून त्यात फॉर्मॅलिन घालणाऱ्यांना विलायतेने १९१२ साली मनाई केली, आणि पुढे आपल्याकडे निरीक्षकाच्या बाटलीतला नमुना नासू नये म्हणून त्यात घालायचे ठरले तेही फॉर्मॅलिनच.

आमच्या जिन्यावर मात्र तीन बाटल्या नव्हत्या, एकच पेला होता, आणि तो आजोबांचा होता. २७ मध्ये उबेचे चार मिळवले की ३१ होतात. दूध चोख असावे. तो दूधवाला पुढेही कित्येक वर्षे येत राहिला, पण ‘हात लावून बघा’ असे पुन्हा म्हणाला नाही.

नळी धुतली आणि फ्रिजमधल्या पिशवीतले दूध पेल्यात ओतून तिला आत सोडले. ती ३३ वर थांबली. थंड दूध आकडा चढवून सांगते, त्यामुळे ते साठ अंशांवर येईपर्यंत थांबायला हवे होते. पण चहाची वेळ झाली होती.