माझ्यासाठीच

दसऱ्याचा दुसरा दिवस, रात्र. नागपूर.

काल दीक्षाभूमीवर गेले होते. रहाटे कॉलनीच्या चौकापासून पायीच, कारण पुढे गर्दीत गाडी शिरत नाही. रस्त्याच्या कडेला भोजनदानाचे मंडप, कुठे मसालेभात, कुठे पुरी-भाजी. माझा वेळ गेला तो मात्र पुस्तकांच्या दुकानांत. कुठून कुठून रात्रभर प्रवास करून आलेली माणसं इथून पुस्तकं घेऊन जातात. यात्रेतून बत्तासे-फुटाणे नेतात तितक्या सहज. मला याचं दरवर्षी नवल वाटतं आणि दरवर्षी भरून येतं.

एका दुकानात एक म्हातारी उभी होती. पांढरं लुगडं, पायात प्लास्टिकच्या चपला. एकेक पुस्तक उचलायची, मुखपृष्ठावरून तळवा फिरवायची, परत ठेवायची. शेवटी एक जाडजूड निवडलं, कमरेची पिशवी सोडली, बारीक घड्या घातलेल्या नोटा उलगडून दुकानदाराच्या हातावर ठेवल्या. मी विचारलं, "कोणासाठी घेता आजी?"

"माह्यासाठीच," ती म्हणाली. "मले वाचता नाई येत. नात वाचून दाखवते."

माझ्यासाठीच! नातीसाठी म्हणाली असती तरी चाललं असतं, मी तेच धरून चालले होते. पण ज्ञान माझंही आहे, ते माझ्या वाट्याचं आहे, हे तिने इतक्या सरळ सांगितलं की मी नुसती बघत राहिले.

१४ ऑक्टोबर १९५६ ला याच जागेवर, व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या तेव्हाच्या मोकळ्या मैदानात, लाखो माणसं पांढरे कपडे घालून उभी होती. बाबासाहेबांनी आणि त्यांच्या पत्नी माईसाहेबांनी आधी स्वतः चंद्रमणी महास्थवीरांकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि मग बाबासाहेबांनी समोरच्या जनसमुदायाला ती दिली. बावीस प्रतिज्ञांमध्ये एक आहे, सर्व मनुष्यमात्र समान आहेत असे मी मानतो. शेवटाकडे आणखी एक आहे, आज माझा नवा जन्म होत आहे असे मी मानतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना सावलीसुद्धा आवरून चालायला लावलं, त्यांनी हे स्वतःच्या तोंडाने, मोठ्याने म्हटलं. माझ्या लेखी या शहरात घडलेली सगळ्यात मोठी आध्यात्मिक घटना हीच. सामाजिक म्हणून तिचं वर्णन पुष्कळ होतं, आणि ती सामाजिक आहेच. पण लोकांनी जन्मासोबत चिकटवलेली स्वतःची ओळख ओलांडून माणूस पलीकडे जातो, याहून वेगळं पार होणं ते काय असतं?

आणि त्यानंतर दोन महिनेही झाले नाहीत तोच, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. मार्ग दाखवणारा गेल्यावर या माणसांना आपापल्या उजेडातच चालावं लागलं. पोरं शाळेत घातली, घरं बदलली, मनं बदलली. बुद्धाने अखेरच्या दिवसांत आनंदाला तेच सांगितलं होतं, स्वतःचा आधार स्वतः व्हा, दुसऱ्या कोणाला शरण जाऊ नका.

आज दिवसभर ताजुद्दीन बाबाही आठवत राहिले. कामठीत जन्मलेला हा माणूस फौजेतली नोकरी सोडून स्वतःच्या धुंदीत फिरू लागला, तेव्हा लोकांनी त्याला वेडा ठरवलं. नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात बरीच वर्षं ठेवलं. तिथेही लोक दर्शनाला जात. १९०८ साली राजे रघुजी भोसल्यांनी त्यांना बाहेर काढून सक्करदऱ्याच्या आपल्या महालात नेलं. आज ताजबागेत, त्यांच्या दर्ग्यावर, हिंदू-मुसलमान सगळेच चादर घेऊन जातात. दोन गोष्टींची जातकुळी वेगळी आहे, मला त्यांची मोट बांधायची नाही. मला एवढंच दिसतं की माणसाच्या कपाळावर आपण जी चिठ्ठी लावतो, ती त्याच्या आत काय आहे त्याबद्दल काहीच सांगत नाही.

प्रत्येकात थोरपण आहे असं म्हणायला सोपं जातं, कारण "प्रत्येकात" म्हणताना डोळ्यासमोर कोणीच येत नाही. माझ्या डोळ्यासमोर आता ती आजी येते. आज पहाटे रस्ता झाडणारे मनपाचे कर्मचारी येतात. पत्रावळ्यांचा ढीग उचलता उचलता त्यांतली एक बाई वाट चुकलेल्या एका कुटुंबाला बसस्टँडकडचा रस्ता समजावत होती. ते वळणावर बरोबर वळेपर्यंत ती झाडू धरून तिथेच थांबली.

संध्याकाळी मैत्रिणीला हे सगळं फोनवर सांगितलं. ती बरीच वर्षं नेमाने ध्यानाला बसते, मनापासून. म्हणाली, "हे चांगुलपण झालं गं. पण मन शांत झाल्यावर आतून जे उमलतं, त्याचं काय?" मी म्हटलं, उमलत असेल, मी नाही म्हणत नाही. पण त्यानंतर शेजारच्या माणसाची उंची आपल्या उंचीइतकी दिसायला लागत नसेल, तर मला त्या उमलण्यावर फार विश्वास ठेवता येत नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तसं दिसतं कधी कधी. टिकत नाही." हे तिचं म्हणणं मला खरं वाटलं. टिकावं कसं, यावर आम्ही रविवारी बसून बोलणार आहोत.