न गंजलेला स्क्रू

स्मरणिकेत बाकीचे सहली आणि स्नेहसंमेलनावर लिहिणारच आहेत, म्हणून मी आमच्या विज्ञानाच्या सरांच्या एका तासाबद्दल लिहितो.

खिळे गंजण्याचा तीन परीक्षानळ्यांचा प्रयोग सगळ्यांनीच केलाय. आमच्या सरांनी चौथी नळी ठेवली, तिच्यात स्टेनलेसचा स्क्रू, तोही पॉलिश पेपरने खसाखसा घासून. आम्हाला वाटलं वरचं कोटिंग गेलं, आता हा पण लाल होणार. पण खिळा गंजला, स्क्रू तसाच!

सर म्हणाले, अरे कोटिंग नाहीच आहे त्याला. पोलादात मिसळलेलं क्रोमियमच हवेतला ऑक्सिजन घेतं आणि ऑक्साइडचा थर धरतं, जेमतेम काही नॅनोमीटरचा, म्हणून डोळ्याला दिसत नाही आणि चकाकी तशीच राहते. लोखंडाचा गंज फुगतो, भुसभुशीत होतो, पोपडे पडतात आणि खालचं लोखंड परत उघडं पडतं, पण हा थर घट्ट बसतो आणि पाणी-हवा आत जाऊ देत नाही. घासला तर लगेच नवा तयार. फक्त क्रोमियम निदान 10.5 टक्के तरी हवं. मागच्या बाकावरून एकीने विचारलं, मग ऑक्सिजन मिळालाच नाही तर? सर खूश झाले, म्हणाले तिथेच स्टेनलेस मार खातं.

ते किती खरं हे फॅब्रिकेशनमध्ये आल्यावर कळलं. गॅस्केटखालच्या (जोड गळू नये म्हणून मध्ये बसवतात ती चकती) फटीत हवा पोचत नाही, त्यात खारं पाणी साचलं की क्लोराइड तो थर फोडतं आणि बारीक खड्डे पडतात. अशा ठिकाणी मॉलिब्डेनम हा धातू घातलेलं 316 नंबरचं स्टेनलेस लावतात. वेल्डिंगचं दुखणं वेगळंच, 450 ते 850 डिग्रीच्या पट्ट्यात धातू जास्त वेळ राहिला तर क्रोमियम कार्बनसोबत कार्बाइड करून धातूच्या कणांच्या सीमेवर अडकतं, शेजारचा भाग क्रोमियमला मुकतो आणि वेल्डच्या बाजूने गंज धरतो, म्हणून तिथे 304एल हा प्रकार वापरतात, त्यात कार्बन जास्तीत जास्त 0.03 टक्के.

आणि हो, लोक अजून मॅग्नेट लावून बघतात, चिकटला की म्हणतात डुप्लिकेट! 430 नंबरच्या प्रकाराला मॅग्नेट चिकटतोच आणि तेही अस्सल स्टेनलेसच आहे. क्रोमियम किती ते विचारा ना, मॅग्नेटला काय कळतंय.