गोलघुमटात कुजबुजताना

आमच्या घराण्यात हळू बोलणं कुणालाच जमत नाही. सोलापूरच्या आत्याकडे तर चहा हवा का, हेही अंगणातून ओरडून विचारतात. अशी माणसं घेऊन मी डिसेंबरात विजापूरचा गोलघुमट बघायला निघालो.

पुण्याहून सोलापूर अडीचशे किलोमीटर. भिगवणला पक्षी बघायचे ठरलं होतं, पण बाबांना बहिणीची ओढ लागलेली. उजनीचं पाणी खिडकीतूनच बघून घेतलं. रात्री आत्याकडे कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि वर दही. सकाळी सहाला निघायचा बेत होता. "उपाशी कुठं निघालाव? खाऊन जावा की," म्हणत आत्याने साडेआठ वाजवले आणि शेवटी स्वतःच गाडीत बसली.

पुढचे शंभर किलोमीटर सरळ रस्ता, दोन्हीकडे ज्वारी. भीमा ओलांडली की पाट्या कानडी होतात. घुमट मात्र पाटीची वाट बघत नाही, शहर यायच्या आधीच दिसायला लागतो.

हे मुहम्मद आदिलशहाचं थडगं. तो 1656 साली वारला. शहाजीराजांनी ज्या दरबारात चाकरी केली आणि जिथून 1659 साली अफझलखान निघाला, ते हेच विजापूर, त्यामुळे मराठी माणूस इथे नुसता पर्यटक म्हणून फिरूच शकत नाही. आत शिरलो आणि मान वर केली. एवढ्या घुमटाखाली एकही खांब नाही! आठ कमानी एकमेकींना छेदत वर जातात आणि त्यांच्यावर तो सगळा भार.

वर जायला कोपऱ्यातल्या सात मजली मनोऱ्यातला जिना. अरुंद, पायऱ्या उंच. आत्या खाली हिरवळीवर बसली. बाबा बहात्तरचे, तरी हट्टाने निघाले. प्रत्येक मजल्यावर "बाहेरचं दृश्य बघू" म्हणून थांबायचे.

वर सज्ज्यात शाळेच्या सहली. एकाने आरोळी ठोकली की ती सात-आठ वेळा परत येते, आणि इथे शंभर पोरं ठोकत होती. पहारेकऱ्याने शिट्टी फुंकली, तर शिट्टीच घुमत राहिली. कुजबूज ऐकायला आलेल्याने एवढा गोंधळ ऐकावा, हे जरा फारच झालं. मग एक सहल खाली उतरली आणि अर्धा मिनिट शांतता पडली. मी भिंतीला कान लावला. समोर, चाळीसेक मीटरवर, बाबा माझ्या बायकोशी बोलत होते. शब्द न् शब्द कानाशी आला:

"गुडघा गेला गं माझा. अक्काला सांगू नकोस."

आयुष्यात पहिल्यांदा बाबा हळू बोलले, तेही नेमके इथे.

खाली आल्यावर आत्याने विचारलं, "गुडघा बरा आहे ना रे?" बाबा म्हणाले, "मस्त."

मग मुलूख मैदान तोफ. ही परांड्याच्या किल्ल्यातून इथे आणलेली, म्हणजे मूळची आपल्याकडचीच. तोंड सिंहाच्या जबड्यासारखं. पण ती बुरुजावर, आणि बुरुजाला पायऱ्या. बाबा गाडीतून उतरेनात.

"मी लहानपणी बघितली आहे ती."

"कधी रे? तुला तर मीच सगळीकडं न्यायची," म्हणत आत्याने पिशवीतून मलमाची डबी काढली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली.