विमलेश्वरच्या पाच रात्री

नर्मदा परिक्रमा करून आले म्हटलं की लोक आधी शूलपाणीच्या झाडीबद्दल विचारतात. झाडी कशी पार केली, भीती नाही का वाटली? धडगाव-मोलगीच्या डोंगरांत पावरा आदिवासींच्या घरांनी मला रात्रीचं आसन दिलं, मक्याची भाकरी दिली, आणि मी सुखरूप बाहेर पडले. झाडीत माझं कुठेच अडलं नाही. अडलं ते विमलेश्वरला, अगदी सपाट जमिनीवर, नावेची वाट बघत.

पायी परिक्रमेत मैया कायम उजव्या हाताला ठेवायची आणि तिचं पात्र कुठेही ओलांडायचं नाही. २७ नोव्हेंबर २०२३ ला, कार्तिकी पौर्णिमेला, मी ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने निघाले. १३१२ किलोमीटर वाहून ही नदी खंभातच्या आखातात समुद्राला मिळते आणि दक्षिण तट तिथेच संपतो. मग भरूच जिल्ह्यातल्या विमलेश्वरहून मोटारबोटीने तीन-चार तासांत पलीकडे मिठी तलाईला उतरायचं आणि उत्तर तटाने पुन्हा वर चालायला लागायचं.

मला घाई होती ती गरुडेश्वरची. आमची आजी दत्तभक्त संत टेंब्ये स्वामींना फार मानायची. १९१४ साली स्वामींनी गरुडेश्वरला देह ठेवला, तिथे एकदा फूल वाहायचं तिच्या मनात होतं आणि ते राहून गेलं. गरुडेश्वर उत्तर तटावर. दक्षिण तटाने जाताना ते नदीच्या पलीकडेच राहतं, पण नियमाने जायचं तर आधी समुद्रापर्यंत चालत जा, तो ओलांडा आणि मग मागे या. त्यामुळे राजपीपळ्यापासूनच माझे पाय जास्त झपाझप पडायला लागले होते.

३ जानेवारीला दुपारी विमलेश्वरला पोहोचले. परिक्रमावासींची सोय बघणाऱ्या सेवाधाऱ्याने विचारलं, "कितनी मूर्ती?" म्हणजे किती माणसं. मी म्हटलं, एक. त्याने वहीत नाव लिहिलं, आधारची झेरॉक्स आणि ओंकारेश्वरहून आणलेल्या परिक्रमेच्या पत्राची प्रत घेतली. (झेरॉक्स किमान पाच काढून प्लास्टिकमध्ये ठेवा. माझ्या दोन झाडीतल्या दवात भिजून गेल्या होत्या.) नाव कधी सुटणार विचारलं तर म्हणाला, "पानी नहीं चढ़ेगा, माताराम. चार-पांच दिन."

मी पंचांग काढलं. मार्गशीर्ष वद्य सप्तमी! माझं माहेर हर्णैजवळचं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, अष्टमीला सहा वाजता, हे मला शाळेत जायच्या आधीपासून पाठ. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या पुढेमागे भांग, म्हणजे सर्वांत लहान भरती, हेही. तरी सदतीस दिवस चालताना एकदाही तिथी मोजावी असं सुचलं नाही. खंभातच्या आखातातली भरती-ओहोटी देशात सर्वांत मोठी, म्हणून पाणी कधीही असेल असं मी धरून चालले होते. पण उधाणाला चढणारं पाणी आणि भांगाला चढणारं पाणी यांत फार फरक असतो, आणि भांगाचं पाणी नाव बांधलेल्या चिखलापर्यंत येतच नव्हतं.

पहिले दोन दिवस मी नुसती चिडचिड केली. डास होते, पाणी मचूळ होतं, तीसेक माणसं एका पत्र्याच्या शेडमध्ये. सकाळी बालभोग, दुपारी भोजनप्रसादी, संध्याकाळी आरती, आणि दर दोन तासांनी मी जाऊन विचारायची. सेवाधारी न कंटाळता तेच उत्तर द्यायचा. पायांवरचे फोड बरे झाले, ते एक बरं झालं. (फोड फोडू नका. सुईने दोरा ओवून तसाच आत ठेवा, असं बडवानीला एका बाबाजींनी सांगितलं होतं. मी ते न करता नुसती विश्रांती दिली आणि मला ती जास्त लागू पडली.)

चौथ्या दिवशी खरी ठिणगी पडली. बसने परिक्रमा करणारा एक गट आला. त्यांच्या आयोजकाने परतीच्या आरक्षणाचं कारण सांगून आपल्या लोकांची नावं वहीत सगळ्यांच्या वर घालून घेतली. आमच्यात सर्वांत आधी आलेले जळगावचे काका-काकू होते. काका सत्तरीचे, पायीच आलेले. मी आयोजकाशी भांडले, आवाज चढवून भांडले. काका म्हणाले, "जाऊ दे ताई, नाव काय आज सुटत नाहीये." तेही खरंच होतं. मी तिथून उठले आणि एकटीच खाडीकडे गेले.

तिवरांच्या कडेला चिखल उघडा पडला होता. मी आल्यापासून रोज तिथे एक वाळकी काडी रोवत होते, पाणी कुठवर चढलं त्याची खूण म्हणून. तीन काड्या होत्या, प्रत्येक आदल्या दिवसाच्या काडीपेक्षा खाली. चिखलावर निवट्या, म्हणजे चिखलात सरपटणारे छोटे मासे, फिरत होत्या, आमच्या खाडीत असतात तशाच. नावाड्याने त्यांना इकडे लेवटा म्हणतात असं सांगितलं होतं. एकेक निवटी पुढच्या परांवर अंग उचलायची, डोळे वर काढून बघायची आणि पुन्हा चिखलाला तोंड लावायची. एक नांगी मोठी असलेले खेकडे बिळांच्या तोंडाशी ती नांगी वरखाली करत उभे.

मग पाणी आलं. आधी चरातून फेसाची एक बोटभर रेघ सरकत आली. बिळांतून बुडबुडे निघाले, खेकडे आत गेले. पाणी निवट्यांच्या मागे मागे चढत तिसऱ्या काडीच्या चार बोटं अलीकडे आलं आणि तिथे थांबलं. तिवराचं एक पिवळं पान त्यावर होतं, ते इकडेही जाईना आणि तिकडेही. किती वेळ, सांगता येणार नाही. माझा जप चालू होता तो कधी थांबला कळलं नाही, आणि थांबला हे लक्षात आल्यावरही तो पुन्हा सुरू करावासा वाटला नाही. नाव, वही, गरुडेश्वर, काहीच नव्हतं. ते पान होतं आणि मी होते. आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडल्यासारखं वाटलं. झाडीत, घाटांवर, पहाटेच्या धुक्यात मी याचसाठी डोळे मिटून बसत होते आणि तिथे मला हे मिळालं नव्हतं. मग पान हळूच मागे फिरलं, समुद्राकडे.

मी चौथी काडी रोवली आणि परत आले. त्या आयोजकाशी पुढे बोलले नाही. राग गेला होता असं म्हणणार नाही, काकांचं नाव खाली ढकलल्याचा राग मला आजही आहे.

पुढच्या दिवशी काडी किंचित वर गेली. ८ तारखेला, द्वादशीच्या रात्री, साडेअकराला हाक आली, "नर्मदे हर! चलो, पानी चढ़ा है!" बॅटरीच्या उजेडात बघितलं तर एकही काडी दिसेना. वाकून पाण्यात हात घातला तेव्हा सगळ्यात वरच्या काडीचं टोक बोटाला लागलं. पहिल्या नावेत बसवाले, दुसरीत आम्ही. काकूंना लाटांनी मळमळलं, म्हणून त्या रात्री कोरडी पोळी सोडून काही खाऊ नका. स्वेटर, कानटोपी वरच ठेवा, बोटीत पिशवी उघडायला जागा मिळत नाही. आणि मैयाच्या जलाची कुपी पिशवीत नको, अंगावर असू द्या.

विमलेश्वर गाठायचं ते शुद्ध किंवा वद्य त्रयोदशीच्या आसपास. सप्तमी-अष्टमीला पोहोचणार असं दिसलं तर अंकलेश्वरच्या अलीकडेच चाल कमी करा. माझ्या भाचीला मी हेच सांगितलं. ती म्हणाली, मग मावशी, तुला ते पान दिसलं नसतं. तिला काय उत्तर द्यावं मला सुचलं नाही.

मिठी तलाईला उतरलो तेव्हा अजून अंधार होता. पाचच्या सुमारास पूर्वेला चंद्राची बारीक कोर वर आली, त्याच दिशेला आम्हाला जायचं होतं. काकांनी काकूंचा हात धरला आणि आम्ही चालायला लागलो. आजीचं फूल मी १८ जानेवारीला वाहिलं.