वटवाघूळ लॉग: निवृत्तीला ७० दिवस, स्वतःचा माइक पहिल्यांदाच बावडीवर

मंडळी, मधे बरेच दिवस लिहिणं झालं नाही, पाऊस होता आणि ऑफिसात चार्ज देण्याचं काम सुरू आहे. ३१ ऑक्टोबरला माझी नोकरी संपते. टेबल-खुर्चीचं काही नाही, पण वटवाघळांचे आवाज आपल्याला ऐकू येतील असे करणारा ऑफिसचा डिटेक्टर जमा करावा लागणार हे कळलं तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नाही, अकरा वर्षं तोच माझा कान होता. म्हणून पगार चालू आहे तोवर स्वतःचा सेट जमवायला घेतलाय, त्याचीच ही खबरबात.

आत्तापर्यंत दोन वस्तू आल्यात. फोनला लागणारा छोटा अल्ट्रासॉनिक (माणसाला ऐकू न येणारे उंच आवाज पकडणारा) माइक, आणि रात्रभर झाडाला बांधून ठेवायला ऑडिओमॉथ नावाचा छोटा रेकॉर्डर. नव्या मंडळींसाठी सांगते, माणसाला फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि फोनचं साधं रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झच्या सॅम्पल रेटचं असतं, आणि रेकॉर्डिंगमध्ये त्या रेटच्या निम्म्यापर्यंतचाच आवाज येतो, म्हणजे २४ च्या वरचं त्यात येतच नाही. ऑडिओमॉथ ३८४ वर चालवता येतो, तो १९२ पर्यंतचं पकडतो, आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या वटवाघळांना पुरे होतं. माइक चालतोय का हे बघायला बावडीवर, म्हणजे वटवाघळांच्या पायऱ्यांच्या विहिरीवर, जायची गरज नाही, घरीच चाव्यांचा जुडगा हलवा, त्यात भरपूर अल्ट्रासाउंड असतो, स्क्रीनवर खालपासून वरपर्यंत रेघाच रेघा उठतात.

गच्चीवर चार रात्री काढल्या. समोरच्या दिव्याभोवती पिपिस्ट्रेल ही छोटी वटवाघळं फिरतात, अंगठ्याएवढी, त्यांचा आवाज स्पेक्ट्रोग्रामवर (स्क्रीनवरच्या आवाजाच्या चित्रात) वरून झपकन खाली येतो आणि शेवटी जरा आडवा होतो. किडा जवळ आला की आधी सुटे सुटे ठिपके, मग ते दाटत जातात आणि शेवटी चेन ओढल्यासारखं टर्रर्र. ते ऐकलं की समजायचं झडप घातली. रातकिड्यांचा मात्र फार त्रास आहे, २० च्या आसपास सगळा पट्टा भरून टाकतात, यावर कोणी काही उपाय केला असेल तर सांगा.

आता मुख्य गोष्ट. काल (२२ ऑगस्ट) उघडीप मिळाली म्हणून बावडीवर गेले. इंदूरपासून फार लांब नाही, पण नेमकी जागा लिहीत नाही, मागे एका ठिकाणाबद्दल मी मोकळेपणाने बोलले आणि महिन्याभरात तिथे लोक टॉर्च आणि फटाके घेऊन पोचले, त्यानंतर ती वटवाघळं परत आली नाहीत. हे मला अजून लागून आहे.

बावडीच्या तळाशी एक अंधारी खोली आहे, तिथे उंदरासारखी लांब मोकळी शेपूट असलेली वटवाघळं राहतात, रायनोपोमा. थंडीत किडे कमी होतात तेव्हा ती शेपटीच्या मुळाशी साठवलेल्या चरबीवर दिवस काढतात. खाली आम्ही उतरलोच नाही. वर कठड्याशी पाठ टेकून बसायचं, नजर आकाशाच्या फिक्या तुकड्यावर, मुठीत क्लिकर, आणि बाहेर पडणारं एकेक मोजायचं, परत आत शिरलं तर वेगळं मांडायचं. शेजारचा अकरावीतला मुलगा बरोबर होता, तो त्याचं वेगळं मोजतो, एकमेकांना आकडा सांगायचा नाही असं ठरलंय. सातला पाच मिनिटं असताना पहिलं बाहेर आलं, मग तोंडावर वारा लागेल इतक्या जवळून एकामागे एक.

मोजणी संपल्यावर तो फोन बघत म्हणाला, "काकू, ही सगळी एका पट्टीत नाही ओरडत, बघा ना, तीन वेगळ्या रेघा आहेत." मी चष्मा लावून बघितलं तर खरंच, ३० किलोहर्ट्झच्या जवळ एक, साडेबत्तीसच्या जवळ एक, पस्तीसला एक, बारीक आडव्या रेघा, नीट वेगळ्या. मंडळी, माझ्या अंगावर काटा आला. १९८१ साली हाबरझेट्सर या जर्मन संशोधकाने मदुराईच्या रायनोपोमांवर हेच लिहिलंय, थव्यात उडताना ती ३०, ३२.५ आणि ३५ अशा पट्ट्या वाटून घेतात, एकाच्या आवाजात दुसऱ्याचा प्रतिध्वनी हरवू नये म्हणून. मी हे कित्येक वर्षं पोरांना शिकवलं. पण माझा जुना डिटेक्टर हेटरोडाइनचा, ज्या आकड्यावर लावाल त्याच्या आसपासचंच ऐकवणार, तो मी कायम ३३ च्या आसपास ठेवायचे आणि सगळा एकच चिवचिवाट कानावर यायचा, याच बावडीवर, अकरा वर्षं.

एका रात्रीवर दावा करणार नाही. निदान दहा रात्री हव्यात, आणि थवा दाट असताना व एकटं उडताना असं वेगवेगळं रेकॉर्डिंग हवं. नंतर सराफ्यात उभं राहून भुट्ट्याचा कीस खाल्ला आणि दोघं त्याबद्दलच बोलत होतो, तो मुलगा तर थांबेचना.

डायऱ्यांचं काम पण सुरू आहे. १९९० पासूनच्या आहेत, सगळ्या पेन्सिलीने लिहिलेल्या कारण ओलीत शाई फुटते. एका पावसाळ्यात गोदामात पाणी शिरलं त्यात दोन गेल्या, आता बाकीच्या घरी आणून रोज वीस पानं स्कॅन करते. जुन्या पानांवर ठिकठिकाणी लिहिलंय, "वडावरच्या मोठ्या वटवाघळांना गावकऱ्यांनी हाकललं, तक्रार करता येत नाही." येणार कशी, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळं खाणारी वटवाघळं उंदीर आणि कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती, २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच गेली. माझी जवळजवळ सगळी नोकरी त्या यादीच्या सावलीत झाली. एका वेळी बहुधा एकच पिल्लू देणारा प्राणी, आईच्या छातीला चिकटून उडणारं ते पिल्लू ज्याने जवळून बघितलंय त्याला ती यादी कधी पटली नसेल.

नव्या मंडळींना एक विनंती, वटवाघूळ हातात घेऊ नका. जाळी लावायला वनखात्याची परवानगी लागते, हाताळणाऱ्याने रेबीजची लस आधी घेतलेली असते. ऐकायला मात्र कशाचीच अडचण नाही.

आता माइकला वाऱ्यासाठी फोम लावायचाय आणि ऑडिओमॉथचं कार्ड ६४ जीबीचं करायचंय. पाऊस नसेल तर गुरुवारी परत बावडीवर, त्या मुलाने क्लासची वेळ बदलून घेतलीय.