स्लाइड नंबर १७: निळेपणा गेला एकदाचा

घरी मायक्रोस्कोपखाली स्वतःचं रक्त बघतोय, त्यात मागच्या वेळी म्हटलं होतं ना की सगळ्या लाल पेशी निळसर राखाडी दिसतायत आणि इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ओळखूच येत नाहीयेत, तर महिनाभर मी उगाच लिशमन स्टेनच्या (रक्तपेशी रंगवायचं रसायन) बाटलीला शिव्या घालत होतो, दोष निघाला आमच्या बोअरच्या पाण्याचा. पाणी अल्कलाइन असलं की स्टेनमधल्या इओसिनचा गुलाबी रंग नीट बसत नाही, निळाच चढतो. आधी गॅरेजमधून बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणलं, थोडा फरक पडला पण दर वेळी रंग वेगळाच. शेवटी पीएच ६.८ च्या बफर गोळ्या (पाण्याचा पीएच स्थिर ठेवणाऱ्या) आणल्या. आता नुसता स्टेन २ मिनिटं, मग त्याच्या दुप्पट बफर टाकून १० मिनिटं, आणि काय सांगू, इओसिनोफिलचे केशरी दाणे पहिल्यांदा असे दिसले की बायकोला झोपेतून उठवून दाखवले (तिला फारसं कौतुक नाही).

पावसाळ्यात अजून एक ताप, स्मिअर (काचेवर ओढलेला रक्ताचा पातळ थर) हळू वाळला की लाल पेशींमध्ये चमकणारे गोळे दिसतात, मी ते परजीवी समजून घाबरलो होतो!! ओलाव्याचे डाग होते ते. आता स्मिअर ओढला की लगेच पंख्याखाली, आणि स्टेनचं झाकण घट्ट, कारण त्यातलं मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

पांढऱ्या पेशींच्या प्रकारांच्या मोजणीत पण गाढवपणा केला. स्मिअरच्या शेपटीकडे (पातळ टोकाकडे) पेशी पसरलेल्या दिसतात म्हणून तिथेच मोजत बसलो तर शंभरात न्यूट्रोफिल ७१ आले. मोठ्या पेशी ओढताना कडेला आणि टोकाला जाऊन जमतात, हे नंतर एका लॅबवाल्या ताईंनी सांगितलं. शेपटीच्या जरा अलीकडे, लाल पेशी जेमतेम एकमेकींना टेकतात तिथे १०० एक्स लेन्सला ऑइल लावून नागमोडी फिरलो: न्यूट्रोफिल ५८, लिम्फोसाइट ३३, मोनोसाइट ५, इओसिनोफिल ४. पण या स्लाइडवर १०० च पेशी मोजल्यात, तेव्हा ५८ म्हणजे खरा आकडा ४८ ते ६८ मध्ये कुठेही असू शकतो, त्यामुळे माझ्या आकड्यांवरून कोणी तब्येतीचे निष्कर्ष काढू नका, रिपोर्ट लॅबचाच.

मोठा लिम्फोसाइट की मोनोसाइट, यात अजून गोंधळ होतोच, त्या ५ मधला एक मी अक्षरशः अंदाजाने टाकलाय. रक्त फक्त स्वतःचं, लॅन्सेट (बोट टोचायची सुई) जाड प्लास्टिकच्या डब्यात, हे परत सांगतो.

चार स्लाइडमध्ये ४०० पेशी झाल्या, बेसोफिल (पांढऱ्या पेशींचा सगळ्यात दुर्मीळ प्रकार) अजून एकही नाही सापडला.