लाल बटण

आमच्या मिक्सरचं ओव्हरलोडचं लाल बटण खाली, बुडाशी आहे. सुकं खोबरं नि लसूण जरा जास्त घातला की मशीन गप्प. मग आई भांडं काढणार, मिक्सर कुशीवर आडवा करणार, चटणीच्या बोटांनी बटण चाचपून दाबणार, तेव्हा तो पुन्हा चालू. सत्तरीची बाई, संधिवाताची बोटं.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फिक्श्चर, म्हणजे मशीनवर काम घट्ट धरून ठेवणारे साचे, डिझाइन करतो. आज सुट्टी, म्हटलं आपल्या घरचंही एक काम करू. नायलॉनच्या तुकड्यातून स्विचच्या गोल मुठीला लांब दांडी बसवली. आईनं कोपरानं ढकलून बघितली. "बरं झालंय की रे. पण मी तुला मूठ फिरवायला त्रास होतो असं कधी म्हटलं?"

नव्हतंच म्हटलं. मीच ठरवलं होतं! मग मुकाट्यानं तासभर स्वयंपाकघरात स्टुलावर बसून ती वाटण कसं करते ते बघत राहिलो. भांड्याखालच्या खाचेत अडकलेलं वाटण ती केसांच्या पिनेनं काढते, हे मला चाळीस वर्षांत माहीत नव्हतं.

सत्यप्रकाश माथुर या इंजिनिअरच्या घरचा परदेशी मिक्सर बंद पडला, बायकोची अडचण झाली, त्यातून १९६० च्या दशकात आपल्या सुक्या-ओल्या वाटणाला पेलणारा 'सुमीत' मिक्सर घडत गेला. तिथंही सुरुवात ओट्यापासूनच.

बटण पुढच्या बाजूला आणायचं तर वायरिंग लांबवावं लागेल, आणि पाणी आत जाता कामा नये. उद्या दुकानातल्या इलेक्ट्रिशियनला विचारतो. तोवर चटणी दोन घाण्यांत. दांडी मात्र आईनं ठेवून घेतलीय, हात पुसायचं फडकं अडकवायला.